सड्याखालच्या झऱ्याची नोंदवही कशी ठेवावी

सातारा जिल्ह्यातल्या जावळी किंवा पाटण तालुक्यातल्या एखाद्या डोंगरवाडीत वयस्क माणसाला ‘हा झरा पूर्वी कसा होता?’ असे विचारले, तर ‘बारमाही होता, अक्षय्य तृतीयेलासुद्धा हंडा भरायचा’ असे उत्तर मिळते. हे उत्तर खोटे नसते, परंतु त्यावर हिशेब उभा राहत नाही. हंडा केवढा होता, तो भरायला किती वेळ लागायचा, त्या वर्षी पाऊस किती झाला होता आणि वरच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट खडकाळ पठारावर, तेव्हा झाडी होती की नव्हती, यांपैकी एकही गोष्ट त्या आठवणीत शिल्लक राहिलेली नसते. पुढे सांगितलेली रीत अशा आठवणीच्या जागी नोंद उभी करण्यासाठी आहे. तिच्यासाठी एक बादली, एक घड्याळ, एक वही आणि किमान दहा वर्षांची चिकाटी लागते. पहिल्या तीन वस्तू बाजारात मिळतात.

ही रीत मी बरीचशी हिमनद्यांच्या अभ्यासकांकडून उचलली आहे. हिमाचल प्रदेशातल्या चंद्रा नदीच्या खोऱ्यात छोटा शिग्री नावाची सुमारे ९ किलोमीटर लांबीची हिमनदी आहे आणि २००२ सालापासून तिच्या बर्फाचा जमाखर्च दरवर्षी मांडला जातो. त्याची पद्धत ऐकायला अगदी साधी आहे. हिमनदीच्या खालच्या, वितळणाऱ्या भागात बर्फात खोल भोके पाडून बांबूच्या काठ्या रोवतात आणि काठीचा बर्फाबाहेर आलेला भाग वर्षभराने किती वाढला ते मोजतात. तेवढा बर्फ गेला. वरच्या भागात, जिथे बर्फ साठत जातो, तिथे खड्डा खणून त्या वर्षीच्या थराची जाडी आणि घनता पाहतात. तेवढा बर्फ आला. दोन्ही आकडे पाण्याच्या उंचीत बदलून घेतात, म्हणजे एक मीटर बर्फ गेला तर साधारण ०.९ मीटर पाणी गेले असे धरतात. हिशेबाचे वर्ष तिथे सामान्यतः १ ऑक्टोबरला सुरू होते, कारण त्या सुमारास वितळणे थांबते आणि नवा बर्फ साठू लागतो.

आपल्या सह्याद्रीत हिमनदी नाही, पण साठवून ठेवून सावकाश देणारी जागा मात्र आहे. महाबळेश्वर, कास, चाळकेवाडी यांसारखी पठारे जांभ्याची टोपी घातल्यासारखी आहेत. चार महिन्यांचा पाऊस हा सच्छिद्र जांभा आणि त्याखालचा भेगाळ खडक पिऊन घेतो आणि उरलेले आठ महिने कड्याच्या पायथ्याशी झऱ्यांमधून सोडत राहतो. हिमनदी थंडीत साठवते आणि उन्हाळ्यात देते. सडा पावसाळ्यात साठवतो आणि उन्हाळ्यापर्यंत देतो. कोठार वेगळे असले तरी विचारायचे प्रश्न तेच आहेत: किती आले, किती गेले, आणि कोठारात काय उरले. म्हणून आपले हिशेबाचे वर्ष १ जूनला सुरू करावे. जानेवारीपासून डिसेंबरपर्यंतचे वर्ष धरले, तर एका पावसाळ्याचे पाणी दोन वर्षांत विभागले जाते आणि मे महिन्यातल्या टंचाईचा संबंध कोणत्या पावसाशी जोडायचा हेच कळेनासे होते.

हिमनद्यांच्या अभ्यासातून घ्यायची खरी गोष्ट मात्र काठ्या आणि खड्डे ही नव्हे, तर सातत्य ही आहे. हिमनद्यांच्या नोंदी जगभरातून एकत्र करण्याचे काम १८९४ साली सुरू झाले. स्वीडनमधल्या स्टोरग्लेशियारेन या हिमनदीचा जमाखर्च १९४५-४६ पासून अखंड मांडला जातो आणि तिची लांबी चार किलोमीटरसुद्धा नसताना जगभरचे अभ्यासक तिचे नाव घेतात, ते या अखंडपणामुळे. याउलट किर्गिझस्तानातल्या अब्रामोव हिमनदीवरचे काम १९६७-६८ पासून तीस वर्षांहून अधिक काळ चालल्यानंतर १९९९ साली बंद पडले आणि २०११ साली पुन्हा सुरू झाले. मधल्या वर्षांचा अंदाज उपग्रहांची छायाचित्रे आणि गणिती प्रतिमाने यांवरून बांधता येतो. त्या वर्षी काठीशेजारी उभे राहून वाचायला हवा होता तो आकडा मात्र आता कोणालाच मिळणार नाही. झऱ्याच्या वहीचेही असेच आहे.

कोणता झरा घ्यावा

झरा निवडण्याआधी तो कोठून येतो हे पाहावे. आपल्या भागात काळ्या दगडाचे थर एकावर एक रचलेले आहेत. कठीण पाषाणातून पाणी जवळपास जात नाही, भेगा असतील तेवढेच. त्याच्या वरचा मांजऱ्या खडक सच्छिद्र आणि झिजलेला असल्यामुळे पाणी धरतो. आणि दोन थरांच्या मध्ये पुष्कळदा गेरूचा तांबडा पट्टा असतो, जो पाण्याला खाली जाऊ देत नाही. वरून मुरलेले पाणी या पट्ट्यावर किंवा कठीण पाषाणावर अडते, आडवे सरकते आणि डोंगराच्या उतारावर जिथे तो थर उघडा पडतो तिथे बाहेर येते. म्हणूनच एका डोंगरावरचे बरेच झरे एकाच उंचीवर, ओळीने लागतात. जी वाडी त्या ओळीवर वसली तिला पाणी मिळाले, आणि तिच्या शंभर फूट वर वसलेल्या वाडीच्या नशिबी डोक्यावरचा हंडा आला.

निदान दोन झरे घ्यावेत. एक गावाच्या वापरातला, ज्याच्याविषयी लोकांना आस्था आहे, आणि दुसरा वरच्या बाजूचा, जिथे पाइप, टाकी, मोटर यांपैकी काही नाही. वापरातला झरा कमी झाला की कारणे दहा निघतात. त्याच वर्षी न वापरलेला झराही तेवढाच कमी झाला असेल, तर कारण पावसात किंवा सड्यावर शोधावे लागते. दुसरा झरा नसेल तर पहिल्या झऱ्याच्या आकड्यांवरून वाद होतात, निष्कर्ष निघत नाहीत. जागा कोयना अभयारण्याच्या किंवा राखीव वनाच्या हद्दीत येत असेल, तर काम सुरू करण्याआधी वन विभागाची लेखी परवानगी घ्यावी, कारण दहा वर्षे दर पंधरवड्याला त्या वाटेने जायचे आहे.

निवड झाल्यावर झऱ्याचे तोंड खोदू नये, मोठे करू नये, तिथे सिमेंट लावू नये. पाणी तीन-चार ठिकाणी पाझरत असेल तर चिकणमातीचा लहानसा बांध घालून ते एका पाइपातून बाहेर काढावे, आणि ही रचना पहिल्या दिवशी जशी केली तशीच पुढे ठेवावी. गावात पाणीपुरवठ्याची योजना आली आणि झऱ्यावर टाकी बांधायचे ठरले, तर ते काम थांबवणे योग्य नव्हे. मात्र बांधकामाची तारीख वहीत ठळक लिहावी आणि त्या तारखेनंतरचे आकडे नवी मालिका म्हणून धरावेत.

खूण पक्क्या खडकात असावी

मोजण्याची जागा बदलली की नोंद तुटते, आणि ती तुटल्याचे आपल्याला पुष्कळदा समजतही नाही. आमच्या ओढ्यावर पहिली खूण मी एका मोरीच्या भिंतीवर रंगाने केली होती. तिसऱ्या वर्षी रस्ता रुंद करणाऱ्या ठेकेदाराने ती मोरी पाडून नवी बांधली आणि माझ्या दोन पावसाळ्यांच्या पातळ्या कशापासून मोजल्या होत्या हे सांगायला काहीही उरले नाही. त्यानंतर मी खूण नेहमी जिवंत कातळात छिन्नीने कोरतो. सुट्या दगडावर, झाडावर, विजेच्या खांबावर किंवा पुलाच्या कठड्यावर एकटी खूण करू नये. मुख्य खुणेपासून दूर आणखी दोन खुणा कोराव्यात, तिघींमधली अंतरे आणि उंचीतले फरक टेपने व पाण्याच्या नळीने मोजून वहीत लिहावेत, आणि हाताने काढलेला नकाशा व तीन बाजूंची छायाचित्रे जोडावीत. एक खूण गेली तर उरलेल्या दोन खुणांवरून ती परत बसवता येते.

एकाच ठिकाणच्या पातळीचे महत्त्व सांगलीकरांना वेगळे सांगावे लागत नाही. १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही कृष्णेची इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी आहे, आणि पावसाळ्यात सगळे शहर तिथला आकडा विचारत असते. २००५, २०१९ आणि २०२१ या सालांच्या पुरांची तुलना गल्लीबोळांत फूट आणि इंचांत होऊ शकते, कारण मोजण्याची जागा हलली नाही. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या वर गेले, या वाक्याला अर्थ आहे तो मागच्या सगळ्या वर्षांचे शून्य एकच असल्यामुळे. आपल्या ओढ्यावरच्या खुणेनेही तेवढेच काम लहान प्रमाणावर करायचे आहे.

पाऊस रोज, सकाळी साडेआठ वाजता

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत सुमारे २५ किलोमीटरवर असलेल्या वाईत तो हजाराच्या आत येतो, आणि माण तालुक्यात पोहोचेपर्यंत पाचशेच्या आसपास उरतो. इतक्या थोड्या अंतरात पाऊस इतका बदलत असताना तालुक्याच्या ठिकाणचा आकडा आपल्या झऱ्याला लावणे म्हणजे शेजारच्याच्या पगारावर आपला घरखर्च मांडण्यासारखे आहे. हिमनदीवर काठ्या तोंडापासून माथ्यापर्यंत वेगवेगळ्या उंचींवर रोवतात ते याच कारणाने, कारण उंचीप्रमाणे आकडे बदलतात. आपणही जमल्यास तीन पर्जन्यमापक ठेवावेत: एक सड्यावर, एक झऱ्याच्या उंचीवर, एक खोऱ्याच्या तळाशी. एकच शक्य असेल तर तो सड्यावर ठेवावा, कारण झऱ्याचे पाणी तिथे मुरते.

बाजारात फायबरचा पर्जन्यमापक मिळतो. तो परवडत नसेल तर सरळ काठाचे, बरोबर २० सेंटिमीटर व्यासाचे नरसाळे आणि त्याखाली बंद कॅन एवढ्यावर काम भागते. अशा नरसाळ्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर भरते, त्यामुळे ३१.४ मिलिलिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर पाऊस. येथे एक चूक हमखास होते. पुस्तकात पाहून पाच लिटरचा कॅन ठेवला जातो. त्यात जेमतेम १५९ मिलिमीटर पाऊस मावतो, आणि घाटमाथ्यावर जुलैतला एखादा जोरदार दिवस तो रात्रीतच ओसंडून टाकतो. मापक ओसंडला तर नेमका सर्वांत महत्त्वाचा दिवस हातचा जातो. घाटमाथ्यावर २० लिटरचाच कॅन ठेवावा, त्यात सुमारे ६३७ मिलिमीटरपर्यंतचा पाऊस राहतो.

मापकाचे तोंड जमिनीपासून साधारण ३० सेंटिमीटर उंचीवर, काटेकोर आडवे असावे, आणि जवळचे झाड किंवा घर जितके उंच असेल त्याच्या निदान दुप्पट अंतरावर तो मापक असावा. चौपट अंतर मिळाले तर उत्तम. उघड्या सड्यावर वारा पाऊस आडवा नेतो, त्यामुळे दगडांचा बुटका आडोसा चालतो, पण तोही पुढे बदलू नये. नोंद भारतीय हवामान विभागाच्या रीतीप्रमाणे सकाळी साडेआठ वाजता घ्यावी आणि मागच्या चोवीस तासांचा पाऊस त्या दिवसाच्या तारखेवर लिहावा. आमच्याकडे म्हातारी माणसे मृग कोरडा गेला, आर्द्रा लागल्या, हस्त बरसला अशा भाषेत पाऊस लक्षात ठेवतात. ती माहिती शेऱ्याच्या रकान्यात अवश्य घ्यावी, तारखेच्या रकान्यात नव्हे.

झऱ्याचे माप

दहा लिटरची बादली घ्यावी. बादलीवर छापलेला आकडा मान्य न करता एक लिटरच्या मापाने दहा वेळा पाणी ओतून दहा लिटरची रेघ स्वतः आखावी. पाइपाखाली बादली धरून रेघेपर्यंत पाणी यायला किती सेकंद लागतात ते तीन वेळा मोजावे आणि तिन्ही आकडे लिहावेत. सरासरी नंतर काढता येते. तीन आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला तर बादली नीट धरली गेली नाही असे समजून पुन्हा मोजावे. दहा लिटरला ४० सेकंद लागले तर झरा मिनिटाला १५ लिटर, म्हणजे दिवसाला २१,६०० लिटर पाणी देतो. पाणी फार कमी झाल्यावर बादलीऐवजी एक लिटरचे माप वापरावे आणि तसे लिहावे.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी दर पंधरा दिवसांनी आणि मार्चपासून पाऊस पडेपर्यंत दर आठवड्याला माप घ्यावे. वेळ सकाळची, गावाचे पाणी भरणे सुरू होण्याआधीची ठेवावी. त्याच वेळी पाण्याचे तापमान आणि विद्युतवाहकता, म्हणजे पाण्यातून वीज किती सहज जाते ते, मोजावी. खिशात मावेल असे वाहकतेचे यंत्र आता स्वस्तात मिळते. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, खडकात दीर्घकाळ राहिलेल्या पाण्यात ते विरघळलेले असतात. मोठ्या पावसानंतर एक-दोन दिवसांत झऱ्याची वाहकता झपाट्याने उतरली, तर त्याचे पाणी जवळून आणि उथळ वाटेने येते, त्यामुळे तो मार्चमध्ये दगा देण्याची शक्यता जास्त असते. पावसाळाभर वाहकता फारशी हलली नाही, तर पाणी दूरवरून, सावकाश येते. दोन वर्षांच्या अशा नोंदी हातात आल्या की आपला झरा कोणत्या स्वभावाचा आहे हे समजू लागते. यंत्र दर महिन्याला ठरलेल्या द्रावणात तपासून घेणे मात्र विसरू नये.

ओढा

ओढ्याला बादली लावता येत नाही. हिवाळ्यात पाणी थोडे असताना तीक्ष्ण कडेचा, काटकोनी खाचेचा पत्रा प्रवाहात आडवा बसवावा आणि खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची मोजावी. ही उंची खाचेजवळ मोजू नये, कारण तिथे पाणी खाली वाकते. प्रवाहाच्या वरच्या बाजूला, पाण्याच्या उंचीच्या चौपट अंतरावर मोजावी. काटकोनी खाचेतून उंची ५ सेंटिमीटर असताना सेकंदाला सुमारे ०.७७ लिटर पाणी जाते आणि १० सेंटिमीटर असताना सुमारे ४.३६ लिटर. म्हणजे उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटींहून अधिक होते, त्यामुळे येथे अर्ध्या सेंटिमीटरची चूकही महागात पडते.

पावसाळ्यात आणि खडकाळ, खळाळत्या जागी पत्रा टिकत नाही. अशा ठिकाणी हिमालयातले अभ्यासक जी रीत वापरतात ती आपल्याकडेही उत्तम चालते, आणि तिला लागते साधे मीठ. ओढ्याचेच पाणी बादलीत घेऊन त्यात २०० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवावे, वरच्या बाजूला एकदम ओतावे आणि तीस ते पन्नास मीटर खाली, जिथे ते पूर्ण मिसळलेले असेल तिथे, दर पाच सेकंदांनी वाहकता लिहून घ्यावी. आकडा चढतो, माथा गाठतो आणि पुन्हा मूळपदावर येतो. प्रत्येक वाचनातून मूळ वाहकता वजा करून सर्व वाढींची बेरीज करावी आणि तिला पाचने गुणावे. हा गुणाकार ८,००० आला असे समजू. वाहकतेचे मिठात रूपांतर करण्यासाठी आधी त्याच ओढ्याच्या दहा लिटर पाण्यात एक ग्रॅम मीठ टाकून वाढ पाहून घ्यावी. लिटरला १०० मिलिग्रॅम मिठाने वाहकता २०० एककांनी वाढली तर गुणक ०.५. मग ८,००० गुणिले ०.५ म्हणजे ४,०००, आणि दोन लाख मिलिग्रॅम मिठाला त्याने भागले की सेकंदाला ५० लिटर हे उत्तर मिळते. हे करण्याआधी खाली कोणी पाणी भरत नाही ना हे पाहावे आणि आपण काय करतो आहोत ते लोकांना सांगावे. एवढ्या मिठाने अपाय होत नाही, पण अनोळखी माणूस ओढ्यात काहीतरी ओततो आहे हे दृश्य कोणत्याही गावाला आवडत नाही.

वेगवेगळ्या पातळ्यांना अशी दहा-बारा मापे घेतली की पातळी आणि प्रवाह यांचा आलेख तयार होतो. त्यानंतर रोज खुणेवरची पातळी वाचली तरी प्रवाह कळतो. मोठ्या पुरानंतर ओढ्याचा तळ बदलतो, म्हणून दरवर्षी ऑक्टोबरमध्ये दोन-तीन मापे घेऊन आलेख तपासावा. पुरात स्वतः पाण्यात उतरू नये. काठावर राहिलेल्या काडीकचऱ्याची रेघ दुसऱ्या दिवशी मोजली तरी त्या दिवसाची उच्च पातळी मिळते.

विहिरीविषयी फार सांगण्यासारखे नाही. काठावर एक खूण कोरावी, तिथून पाण्यापर्यंतचे अंतर सकाळी मोटर सुरू होण्याआधी मोजावे, आणि आदल्या दिवशी मोटर किती तास चालली ते विचारून लिहावे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यातल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते; जवळची निरीक्षण विहीर कोणती हे विचारून घेतले, तर आपले आकडे तिच्याशी ताडून पाहता येतात.

वही

वही जाड पुठ्ठ्याची आणि नोंद पेन्सिलीची असावी, कारण पावसात शाई पसरते. चुकलेला आकडा खोडरबराने पुसू नये. त्यावर एक रेघ मारून शेजारी नवा लिहावा, म्हणजे जुना वाचता येतो. कधी कधी वर्षभराने जुनाच बरोबर ठरतो.

नोंदवहीतली सर्वांत घातक चूक शून्याची आहे. झरा आटला तर शून्य लिहावे. आपण गेलोच नाही तर ‘नोंद नाही’ असे लिहावे. या दोन गोष्टींसाठी अनेक वह्यांमध्ये एकच आडवी रेघ मारलेली दिसते, आणि पाच वर्षांनी ती रेघ दुष्काळाची होती की लग्नसराईची हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. चुकलेला दिवस दुसऱ्या दिवशी अंदाजाने भरू नये. वहीत भोके असणे ही लाजेची गोष्ट नाही. भोके बुजवलेली वही मात्र कामाची राहत नाही.

शेऱ्याच्या रकान्यात आजूबाजूचे बदल यावेत: सड्यावर वणवा लागला, खाणीसाठी जांभा काढला, नवे हॉटेल आले, स्ट्रॉबेरीच्या शेतासाठी बोअर मारली, आणि ती किती फूट गेली. वर्षातून चार ठरलेल्या तारखांना ठरलेल्या दगडावर उभे राहून सडा, झरा आणि ओढा यांची छायाचित्रे घ्यावीत. यंत्र, बादली किंवा पर्जन्यमापक बदलायचा झाला तर जुना आणि नवा निदान एक हंगाम शेजारी शेजारी चालवावा. हिमनदीवर वितळून काठी पडायच्या आत दुसरी रोवतात, तेच हे तत्त्व.

आकडे कसे वाचावेत

पहिल्या वर्षाच्या शेवटी एक हिशेब करून पाहावा, तो डोळे उघडणारा असतो. झऱ्याच्या वरचा सडा २० हेक्टरचा आहे आणि त्यावर २,००० मिलिमीटर पाऊस झाला असे धरले, तर सड्यावर ४० कोटी लिटर पाणी पडले. झऱ्याने आठ महिने सरासरी मिनिटाला १५ लिटर दिले असतील तर त्याने सुमारे ५२ लाख लिटर दिले, म्हणजे शंभरातला जेमतेम सव्वा भाग. बाकीचे पाणी ओढ्याने गेले, उन्हाने आणि झाडांनी नेले, किंवा खोल जाऊन दुसऱ्या कोणाच्या झऱ्याला लागले. त्यामुळे पाऊस चांगला झाला म्हणजे झरा चालेलच असे नसते. तो किती दिवसांत पडला यावरही बरेच अवलंबून असते, आणि म्हणूनच पावसाची नोंद महिन्याची नव्हे, रोजची हवी.

झऱ्याच्या प्रवाहाचा आलेख ऑक्टोबरपासून काढताना प्रवाह लघुगणकी मापावर (म्हणजे १, १०, १०० यांमधली अंतरे सारखी धरून) आणि दिवस साध्या मापावर घ्यावेत. झऱ्यात बाहेरची ढवळाढवळ नसेल तर ठिपके बहुधा एका उतरत्या सरळ रेषेजवळ येतात, आणि त्या रेषेचा उतार हाच कोठाराचा स्वभाव असतो. पाऊस कमी झालेल्या वर्षी रेषा खालून सुरू होते, पण उतार साधारण तोच राहतो. उतारच बदलून तीव्र झाला तर पावसाकडे बोट न दाखवता सड्यावर किंवा बोअरकडे पाहावे. माझ्या मते दहा वर्षांच्या खटाटोपाचे सर्वांत मोठे फळ हा भेद ओळखता येणे हे आहे. दरवर्षीच्या तुलनेसाठी दोनच आकडे वेगळे काढून ठेवावेत: १ मे रोजीचा प्रवाह, आणि झरा मिनिटाला पाच लिटरच्या खाली गेला ती तारीख.

तीन-चार वर्षांच्या आकड्यांवरून हवामान बदलाविषयी काही बोलू नये. जागतिक पातळीवर ज्या हिमनद्या संदर्भासाठी धरतात त्यांच्या मालिका तीस वर्षांहून मोठ्या असतात, आणि त्याला कारण आहे: दोन ओली व दोन कोरडी वर्षे लागोपाठ आली तरी आलेख नाट्यमय दिसतो. आपल्याच जिल्ह्यात ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर कोयनेच्या जलाशयाची पातळी आणि भूकंपाचे धक्के यांच्या नोंदी वर्षानुवर्षे शेजारी ठेवल्या गेल्या, म्हणून त्या दोहोंचा संबंध अभ्यासता आला. एक-दोन वर्षांच्या आकड्यांवर ते शक्य नव्हते.

वही पुढे कोणाकडे

हे काम एका माणसाच्या हौसेवर दहा वर्षे टिकत नाही. शाळा हे उत्तम ठिकाण वाटते, परंतु शिक्षकांची बदली होते आणि मे महिन्यात, नेमकी गरज असते तेव्हा, शाळा बंद असते. म्हणून शाळेबरोबर झऱ्याजवळ राहणारे एक घर जोडून घ्यावे. अनेक ठिकाणी पाण्याला रोज जाणारी बाईच सर्वांत नेमकी मापक ठरते, कारण तिला फरक आकड्याआधी कळतो. तिच्या श्रमाचा मोबदला ग्रामपंचायतीने ठरवून द्यावा. दर वर्षी १ जूनला वहीच्या तीन प्रती कराव्यात, एक ग्रामपंचायतीत, एक शाळेत आणि एक गावाबाहेर राहणाऱ्या कोणाकडे. मोबाइलमध्ये घेतलेली पानांची छायाचित्रे ही चौथी प्रत.

मापक बदलताना जुन्या आणि नव्या व्यक्तीने निदान दोन महिने एकाच सकाळी, एकाच झऱ्यावर, एकमेकांचा आकडा न पाहता माप घ्यावे. दोघांच्या वेळेत दर खेपेला सारखाच दोन-तीन सेकंदांचा फरक पडत असेल, तर तो कोणाची चूक म्हणून मिटवू नये. नव्या वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहावा आणि जुनी वही त्यानंतर बंद करावी.